मल्लीची चिकटवही

दारव्हा
८ डिसेंबर १९६३

प्रिय मथुरावहिनी,

जयभीम. आज रविवार, तरी उठल्यापासून पाय दुखताहेत. शाळेत मास्तरीण मी एकटी आणि वर्ग तीन. पहिलीला पाटी गिरवायला लावली की दुसरी पाढे विसरते, दुसरीकडे वळलं की तिसरीतल्या पोरी नकाशावर शाई सांडतात. घरी यावं तर आईचा दमा माझ्या आधी दारात उभा. थंडी पडली की तो न बोलावता येतो. असो, रडगाणं पुरे.

पत्राचं कारण दुसरंच आहे. परवा आई म्हणाली, "धर्मपालचं तोंड आता मले डोये मिटून आठवा लागते. पयले उघड्या डोयानं दिसे." दादाला जाऊन सव्वा वर्ष झालं. आईचं हे असं, तर तो गेला तेव्हा जेमतेम चार वर्षांची असलेल्या आपल्या मल्लीचं काय होईल? तिच्याजवळ बापाचं काही उरायचं नाही.

म्हणून मी तिच्यासाठी एक चिकटवही करायला घेतली आहे. यवतमाळला ट्रेनिंगला होते तेव्हा हस्तकलेच्या बाईंनी शिकवली होती. जाड कागदाच्या वहीत एकेका पानावर एकच फोटो किंवा चिठ्ठी लावायची, आणि तिच्या एका कोपऱ्याशी बारीकसारीक वस्तूंचा झुबका बसवायचा. तळाशी पातळ, पसरट काहीतरी, त्यावर कापड, वर लहान वस्तू. वस्तू तीन किंवा पाच घ्यायच्या, कधी चार नाही. आणि एक टोक सुटं सोडायचं. सगळंच घट्ट चिकटवलं तर पान मेल्यासारखं दिसतं, असं बाई म्हणत. मला तेव्हा हा रिकामा उद्योग वाटला होता.

माझ्याजवळ दादाचे दोनच फोटो आहेत, पण झुबक्यांना सामान नाही. तू त्याच्या बारीकसारीक वस्तू पाठवशील का? किमतीचं काही नको. ज्याला त्याचा हात लागला असेल असं काहीही चालेल.

मल्लीला आत्याकडून एक पापा.

तुझी
सत्यशीला

*

राजूर
२२ डिसेंबर १९६३

सत्यशीलाबाईंना मथुराचा जयभीम.

पत्र पोचलं. चुन्याच्या भट्टीवरून येते तर हात फुटलेले असतात, पेन धरवत नाही. म्हणून उशीर झाला. अक्षर कसं येते ते पाहून घ्या.

तुमचं पत्र वेळेवर आलं. मी सुद्धा हेच मनात धरून होते, पण सुरुवात कशी करावी ते कळत नव्हतं. तुम्हीच मागितलं, बरं झालं.

सोबत पाठवते ते असं. नागपूरला दीक्षेला गेले तेव्हाचा पांढरा सदरा होता, तो विरून गेला, त्याच्या गुंड्या कापून ठेवल्या होत्या त्या. लाल रुमाल. अर्धी फणी. वणीच्या जत्रेतली पितळेची शिट्टी. पार्सल बाबारावांनी वणीला नेऊन पोस्टात टाकलं. खाणीवर पंप चालवतात ते. माणूस बरा आहे.

मल्लीचा पुढचा दात पडला. आता 'स' म्हणता येत नाही तिला, तुमचं नाव घेऊन दाखव म्हटलं की हसते आणि पळते.

अजून आहे. थोडं थोडं करून सगळं पाठवीन. घरात काही ठेवणार नाही.

मथुरा

*

दारव्हा
१२ जानेवारी १९६४

प्रिय वहिनी,

पार्सल उघडलं आणि रुमालाला अजून त्याच्या तंबाखूचा वास आहे हे पाहून मी सरळ स्वयंपाकघरात जाऊन बसले. आईला म्हटलं, डोळ्यांत धूर गेला. चूल पेटलेली नव्हती.

पहिलं पान झालं, ते सांगते. फोटो तो, नागपूरहून परतताना यवतमाळात स्टुडिओत काढलेला. गोविंदाचा धर्मपाल झाल्याला तीन दिवस झाले होते, आणि कोणी हाक मारली की आधी तो मागे वळून पाही, की हा धर्मपाल कोण. फोटोच्या उजव्या खालच्या कोपऱ्याशी झुबका केला. तळाला पिंपळपानाची जाळी. पान महिनाभर माठात भिजवून, हिरवं सगळं बोटानं धुऊन काढलं. तीन फाटली, चौथं साधलं. त्यावर रुमालाचा तिकोना तुकडा, आणि वर गुंड्या. खळीत मोरचूद घातला आहे, म्हणजे कसर लागायची नाही. गुंड्यांना मात्र खळ पुरत नाही, त्या पानाला टाके घालून शिवल्या. रुमालाचा एक दोरा सुटा ठेवला, बाईंच्या नियमाप्रमाणे.

फोटोत सदऱ्याला सहा गुंड्या दिसतात, आल्या पाच. एखादी कुठे पडली असेल. माझ्या कामाला पाचच बऱ्या, सहाव्या गुंडीनं नियम मोडला असता.

शाळेतल्या पोरींना दाखवलं तर तिसरीतली एक म्हणाली, "बाई, हे तर आमच्या आजीच्या बटव्यावानी दिसून राह्यलं." एक ना धड भाराभर चिंध्या, असंच तिला म्हणायचं होतं. पण मला खरं सांगायचं तर सव्वा वर्षात पहिल्यांदा काहीतरी जागच्या जागी बसल्यासारखं वाटलं.

एक मात्र ऐक. 'घरात काही ठेवणार नाही' असं लिहिलंस. इतकी माया बरी नाही. तुलाही त्याचं काहीतरी हवंच ना? निम्मं तरी ठेव.

तुझी
सत्यशीला

*

राजूर
२ फेब्रुवारी १९६४

सत्यशीलाबाईंना जयभीम.

तुम्ही लिहिलं काहीतरी ठेव. तसं चालत नाही बाई.

यावेळी हे पाठवते. खाणीतला बिल्ला, नंबर २१७. दिवा घेताना हा द्यायचा आणि परत आल्यावर घ्यायचा. गळपट्टा, तुम्ही विणलेला. सुपारीचा अडकित्ता. दाढीचा आरसा, कोपरा फुटका आहे, हात सांभाळा. आणि तुम्ही त्यांना लिहिलेली पत्रं, सुतळीत बांधून.

एक काम करा. आईंपुढे एकेक वस्तू ठेवा आणि नाव घेऊन सांगा, हे पोचलं, हे पोचलं. मागच्या वेळचंही सांगा. विसरू नका.

मल्लीला ताप होता चार दिवस. आता बरी आहे. बाबारावांनी वणीहून औषध आणलं. माझे भट्टीवरचे चार खाडे झाले. मी फार थकले बाई. रात्रीच्या झोपेनं जाईल असा हा थकवा नाही.

मथुरा

*

दारव्हा
१ मार्च १९६४

प्रिय वहिनी,

तू सांगितलंस तसं केलं. खाटेवर आईजवळ एकेक वस्तू ठेवली आणि नाव घेतलं. मला वाटलं होतं ती रडेल. ती रडली नाही. प्रत्येक वस्तू हातात घेऊन नुसती मान हलवत गेली. शेवटी विचारलं, "डोरलं आलं काय?"

मी म्हटलं, डोरलं वहिनीचं, ते कशाला येईल? ती भिंतीकडे तोंड करून निजली. दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. म्हातारपण आहे, तऱ्हेवाईकपणा यायचाच. पण आधीच उल्हास त्यात फाल्गुन मास. इकडे वार्षिक परीक्षा तोंडावर, आणि घरी हिचा अबोला.

वहीचं मात्र छान चाललं आहे. बिल्ल्याचं पान तुला आवडेल. तिथे फोटोच नाही, दादानं मला लिहिलेली एक चिठ्ठी आहे, 'सत्ये, परीक्षेची धास्ती घेऊ नको, नापास झाली तर खाणीत लावून देईन.' तिच्या डोक्याशी गळपट्ट्याची लोकर, तीवर बिल्ला, आणि बिल्ल्याखालून डोकावणारा आरशाचा तुकडा, कडा घासून बोथट केलेला. मल्ली वाकून पाहील तेव्हा तिचा एक डोळा त्यात दिसेल. हे माझ्या मनानं केलं, बाईंनी शिकवलेलं नाही.

आणि आता मुद्द्याचं. मल्लीला जूनमध्ये शाळेत घालायचं. तुझे हाल होताहेत ते तुझ्या अक्षरातच दिसतं. तिला इकडे माझ्याजवळ पाठव. माझ्याच शाळेत, माझ्याच डोळ्यासमोर राहील, आणि आईलाही जीव लागेल. मी पहिलीच्या यादीत तिचं नाव पेन्सिलीनं लिहूनही ठेवलं आहे. तू नाही म्हणू नकोस.

तुझी
सत्यशीला

*

राजूर
१५ मार्च १९६४

सत्यशीलाबाई,

आईंनी विचारलं ते सोबत पाठवते. डोरलं. दोन वाट्या, काळे मणी अठ्ठावीस. मोजून घ्या.

आई पहिल्या पार्सलालाच समजल्या असतील. मला वाटलं तुम्हीही समजला, म्हणूनच मागितलं. आज तुमचं पत्र दोनदा वाचलं तेव्हा कळलं की तुम्हाला ठाऊकच नाही. आता स्पष्ट लिहिते.

बाबारावांनी विचारलं आहे. त्यांची बायको तीन वर्षांमागे वारली, मूलबाळ नाही. मी हो म्हटलं. दसऱ्यानंतरच त्यांनी विचारलं होतं, पण आमच्याकडची रीत माझ्या आईनं सांगितली आहे. दुसऱ्या घरी जाणारी बाई पहिल्या घरचं सगळं परत करते, सासूनं मोजून घ्यावं. सुतळीचा तोडा सुद्धा नेऊ नये. मागं काही ठेवलं तर गेलेल्या माणसाचा जीव त्यात अडकतो. मला त्यांचा जीव अडकवायचा नाही. फार सोसलं त्यांनी शेवटी.

मल्ली पण त्यांच्याच घरची. बाबाराव म्हणतात तिला घेऊन ये, मी बाप होतो. पण ते रीतीत बसत नाही. तुम्ही बोलावलंच आहे. जूनमध्ये मी आणून पोचवीन. तिला गरम भात लागतो, शिळा खात नाही. विजेला भिते. झोपताना माझा कान धरते, तुमचा धरू द्याल.

माझ्याबद्दल वाईट वाटलं तर वाटू द्या. एकटीनं चालवून पाहिलं, नाही झालं.

मथुरा

*

दारव्हा
२६ एप्रिल १९६४

प्रिय वहिनी,

सहा आठवडे मी तुला पत्र लिहिलं नाही. चार वेळा लिहिलं, फाडलं. त्यात काय होतं ते तुला न सांगितलेलंच बरं, तरी थोडं सांगते, नाहीतर मनात राहील.

मला राग आला. तुझ्या लग्नाचा नव्हे, निदान तेवढाच नव्हे. तू घर रिकामं करत होतीस आणि मी इकडे वेड्यासारखी त्याची नक्षी करत बसले होते, याचा. तुला वाटत होतं मी मोजून घेते आहे, मला वाटत होतं तू मायेनं देते आहेस. आणि दुसरी गोष्ट त्याहून वाईट आहे. मल्ली येणार हे वाचून मला आनंद झाला. तुझं कान धरण्याचं वाक्य वाचूनसुद्धा झाला. मी तिच्यासाठी झगा शिवला, निळा, बाह्यांना झालर लावून. तेहतीस वर्षांची झाले वहिनी, दुसऱ्यांच्या पोरी शिकवून घरी येते आणि आईचा काढा उकळते. मला ती हवी होती.

आईला डोरलं दिलं. तिनं मणी मोजले नाहीत, मुठीत धरून बसली. मी म्हटलं, जूनमध्ये मल्ली येते. मला वाटलं ती सुखावेल. तर ती म्हणाली, "पोरगी नाई येत. तिले तिच्या मायजवळ राहू दे."

मी वाद घातला. रीत आहे, वहिनीच म्हणते, वगैरे. एरवी रीतीचं नाव घेतलं की नाक मुरडणारी मी, आणि आता रीतीचीच वकील झाले होते. मग आईनं जे सांगितलं ते मी तिच्याच शब्दांत लिहिते, कारण मला ते माझ्या शब्दांत लिहवत नाही.

"तुह्या बापाच्या घरी म्या पाटानं आलती. त्याच्या पयले ढाणकीले देल्लं होतं मले. तो मानूस पटकीनं गेला. तवा म्या असंच मोजून देल्लं, लुगडं, गाडगं, चुलीची फुकनी. आन् तीन वर्साची लेक. मैना नाव होतं. सासूनं लुगड्याच्या घड्या मोजल्या आन् मंग पोरीचा हात धरला, तेबी मोजल्यावानीच. बेचाळीस वर्सं झाली. जिती हाय का मेली, मले ठाव नाई."

मी आयुष्यभर या बाईच्या कुशीत झोपले आणि मला हे माहीत नव्हतं. दादालाही नसावं. मी विचारलं, इतकी वर्षं बोलली काहून नाहीस? ती म्हणाली, "कोनाले सांगू? रीतच होती." मग बराच वेळ खोकली. आणि म्हणाली, "छप्पन साली आपून देव टोपल्यात भरून नदीत सोडले. म्या सोताच्या हातानं सोडले. मंग ही रीत कायले घरात ठेवली? हे बी जाऊ द्याची होती त्याच टोपल्यात."

तिच्या कमरेच्या बटव्यात, सुपारीच्या खाली, एक चिंधी असते. मी लहानपणापासून पाहत आले, औषध असेल असं वाटायचं. ती तिनं सोडली. आत घुंगरू होता, हरभऱ्याएवढा, काळा पडलेला. मैनाच्या वाळ्यातला. म्हणाली, "हा येक मोजून नाई देल्ला. चोरला. जीव अडकते म्हणते तुही वयनी. अडकला, पन माहा अडकला. तिले लिव्ह, लेकरू मोजाची वस्तू नोय."

ते लिहिलं.

तर आता असं. सोबत वही पाठवते, नऊ पानं झाली आहेत. ती मल्लीची आहे, तिच्याजवळच राहू दे. मागे ठेवलं तर जीव अडकतो हे तुला अजूनही वाटत असेल, तर असं समज की तू सगळं परत दिलंस, आईनं मोजून घेतलं, आणि आता आजी नातीला देते आहे. देणाऱ्यानं परत घेतलं तर दोष, आजीनं दिलं तर कोणती रीत आडवी येते? डोरलंही आत कागदाच्या पाकिटात आहे. ते मी चिकटवलं नाही. मल्ली मोठी झाली की तिचं ती ठरवेल.

दहावं पान पाहा. त्यावर काही नाही, फक्त झुबका आहे. जाळीचं पान, पांढऱ्या साडीच्या काठाचा तुकडा, आणि वर आईचा घुंगरू. तिनंच लावायला सांगितला, मी नको म्हणत होते. फोटो अडकवायला कागदाचे चार कोपरे कापून चिकटवले आहेत, मधे जागा मोकळी. तुमचं लग्न झालं की तिघांचा फोटो काढा आणि तिथे बसवा. वर वस्तू एकच, म्हणून जाळी आणि काठ धरून तीन मोजल्या, म्हणजे नियम पाळला आहे. बघ, थकले तरी मास्तरकी सुटत नाही.

निळा झगा पाठवते. कमरेत सैल असेल, टाके घाल. पहिलीच्या यादीतलं नाव काल रबरानं खोडलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला आठ दिवस तरी पाठव. आठच. मी मोजणार नाही.

तुझी
सत्यशीला

*

राजूर
१४ जून १९६४

सत्यशीलाबाईंना आणि आईंना मथुरा, बाबाराव आणि मल्लिका यांचा जयभीम.

बुद्धपौर्णिमेला लग्न झालं. पाच-सात माणसं होती. मल्ली मधे बसली होती निळा झगा घालून. कमरेत सैल नाही झाला, बरोबर झाला. तुम्ही तिला दोन वर्षांत पाहिली नाही, वाढली ती. परवा तिला इथल्या शाळेत घातलं. गुरुजींनी नाव विचारलं तर बापाचं नाव धर्मपाल सांगितलं. मी बाबारावांकडे पाहिलं. ते म्हणाले, बरोबर आहे, तेच लिहा.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा भट्टीवर नेलं आणि जेवणाच्या सुट्टीत वाचलं. शेजारच्या बाया विचारत होत्या काय झालं. मी म्हटलं, डोळ्यात चुना गेला.

फोटो वणीला काढला. दहाव्या पानावर बसवला, कोपऱ्यात नीट गेला. मल्ली रोज वही काढते. आरशाच्या पानावर वाकते आणि आपला डोळा पाहून म्हणते, बाबाच्या नंबराखाली मी आहे. घुंगरू बोटानं हलवते. तो अजून वाजतो, आईंना सांगा. बारीक वाजतो पण वाजतो.

बाई, एक सांगायचं आहे. तुम्ही जानेवारीत लिहिलं होतं की फोटोत सहा गुंड्या दिसतात आणि आल्या पाच. मी त्यावर काही लिहिलं नाही.

सहावी पडली नव्हती. मी पदराच्या गाठीत बांधून ठेवली होती. बिल्ला दिला, डोरलं दिलं, मल्ली सुद्धा द्यायला निघाले होते, पण ती गुंडी देववली नाही. चार-पाच महिने मी भीत होते की माझ्यामुळे ते अडकले असतील. आईंच्या घुंगराचं वाचलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा गाठ सोडून मी ती उजेडात पाहिली. साधीच आहे. शिंपल्याची, एका बाजूनं पिवळी पडलेली.

बाबारावांना दाखवली. मला वाटलं राग येईल. फुटलेल्या बोटांनी माझ्याच्यानं सुई ओवेना, तर त्यांनी दोरा ओवून दिला. ती घुंगराजवळ शिवली. तुमचा तीनचा नियम मोडला, त्याला इलाज नाही. दोऱ्याचं एक टोक सुटं ठेवलं आहे.

आईंना सांगा, मोजणीत एक कमी होती.

तुमची
मथुरा